सहा चाळीस

कौनासमध्ये, शिलैनियाइच्या नवव्या मजल्यावर,
त्या हिवाळ्यात लिफ्ट बंद होती
आणि माझ्या पेटीत तीनशे चाळीस मोहरा होत्या.
घरातले लितास त्याहून कमी,
पण ते वेगळं.

मावसभाऊ गिंतौतस एका फ्लॉपीवर
तो इवलासा प्रोग्रॅम घेऊन आला, बूट न काढता बसला.
म्हणाला, आकडा कुठंतरी राहतोच.
मशीनच्या आठवणीत लाखो खोल्या,
त्यातल्या एकीत तुझे तीनशे चाळीस. हाक मार.
मारली. बाराशे सहा खोल्यांतून
एकदम ओ आली.
आता थोडे खर्च कर.
मी पंधरा मोहरांचं मीठ घेतलं.
आता विचार, तीनशे पंचवीस कोण?
दोघंच उरले.

एक खरा. दुसरा नुसती पाटी.
पाटीवर नऊ लाख लिहिले, घटकाभर सावकार झालो,
दुकानात शिरलो तर पुन्हा तीनशे पंचवीस.
गिंतौतस नाकातून हसला, त्याच्या बापासारखा.

जीव कुठं ठेवलाय हे हवं असेल
तर लांडग्यापुढं उभं राहायचं.
एक लचका तोडू द्यायचा, मग विचारायचं,
कोण कमी झालं?
आणखी एक लचका. आता कोण?
शेवटी जी खोली उरते तिला कुलूप.
मग लांडगा चावतो, माणूस कण्हतो,
गुडघ्यावर येतो,
आकडा जागचा हलत नाही.
कण्हणं कुठल्या खोलीत राहतं
ते गिंतौतसलाही माहीत नव्हतं.

आई पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला निघालेली,
एक बूट पायात, एक हातात.
काय शोधतोस?
पैसे कुठं असतात ते.
सापडले की मलाही सांग.

आणि निघायचं सोडून खुर्चीच्या हातावर टेकली.
पडद्यावरच्या बंदरात संध्याकाळ होत होती.
तांबूस पाणी, वाळत घातलेली जाळी,
मीठवाल्याचं दुकान, धक्क्यावर एक कुत्रा.
हे थांबवता येतं?
काय?
हेच. ही वेळ.

वेळेचा आकडा मला ठाऊक नव्हता.
ठाऊक नसला तरी विचारता येतं.
कोण वाढलं?
खेळ रोखून धरला. कोण जसंच्या तसं?
सोडला. आता कोण वाढलं?
चार लाख. नऊ हजार. साठ. तीन. परत तीन.
आईनं घड्याळाकडे पाहिलं नाही, हे मी पाहिलं.
एक.
कुलूप.

सहा चाळीस.
कुरव पक्षी उडत राहिले, पाणी हलत राहिलं,
सूर्य चर्चच्या टोकाला अडकून,
मीठवाला काही दुकान बंद करेना.
आई म्हणाली, हं. एवढंच.
दुसरा बूट चढवला.
तिची पावलं सहाव्या मजल्यापर्यंत ऐकू आली,
मग खाली ट्रॉलीबसच्या तारेवर ठिणगी.

अडचण अशी की मशीन बंद केलं की पत्ते बदलतात.
उद्या तीच खोली भलत्याच गल्लीत.
म्हणून बंदच केलं नाही.
पंखा रात्रभर घरघरला. जिन्यातलं विजेचं मीटर फिरत होतं;
त्याला कुलूप बसत नाही, ते मी आधीच बघितलं होतं.
दोनदा उठलो.
सहा चाळीस.
सहा चाळीस.

आई आली तेव्हा बाहेर अंधारच होता.
भुवयांत पीठ, कोटात एका कडेला करपलेला पाव.
पडद्याकडे बघून थबकली.
अजून तसंच?
तू येईपर्यंत म्हटलं.
तिनं पाव मोडला, करपलेला भाग स्वतःकडे ठेवला,
उभ्यानंच चावत बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, सोड रे आता.
त्या मीठवाल्याला घरी जायचं असेल.

सोडलं.
सहा एक्केचाळीस. सूर्य खाली घसरला.
त्यानं एकेक फळी लावली, दिवा उचलला.
धक्क्यावरचा कुत्रा उठला, अंग झाडलं,
आणि त्याच्या मागोमाग गेला.

इतके महिने खेळत होतो.
कुत्रा त्याचा आहे, मला ठाऊकच नव्हतं.